मी एका देशाचे कायदे लाल केले

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या लोकांनी मला माफ केलं आहे आणि ती माफी मला टिकवायची आहे. पॅसिफिक महासागरातली काही बेटं मिळून तो देश होतो, एवढं पुरे. माझ्या मुलीच्या शाळेच्या अ‍ॅटलासमध्ये त्याचं नाव त्या देशापेक्षा लांब आहे.

मी तिथे कधी गेलेलो नाही. जे काही केलं ते मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून केलं. आमची कंपनी छोटी. सरकारी कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते: काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, रेकॉर्ड, शाळांचे फॉर्म, पाळीव कुत्र्यांची लायसन्सं. त्याआधीची तीन वर्षं मी कुत्र्यांच्या लायसन्सवर होतो. त्यामुळे एका मदत देणाऱ्या संस्थेच्या पैशातून एका अख्ख्या देशाचे कायदे वेबसाइटवर आणायचं काम आलं, तेव्हा मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. कुत्र्यांवरून थेट देशावर.

काम तसं साधं होतं. तिथले सगळे कायदे कागदावर होते. काही छापील, काही टाइप केलेले, काही तर परक्या राजवटीतल्या कुणा अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेले. दंड अजून शिलिंगमध्ये होते. ते कागद स्कॅन होऊन येणार, आम्ही त्यांचं टेक्स्ट करायचं आणि लोकांना शोधता येईल अशा पद्धतीने मांडायचं. कायद्यातलं काही कळायची गरज नव्हती, आणि मला कळतही नव्हतं. पण मी नागपूरचा. माझे बाबा जिल्हा न्यायालयात नकल विभागात कारकून होते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या आधी संविधानाची प्रत आली होती आणि काचेच्या कपाटात मधल्या फळीवर होती. पाहुण्यांना पाणी देण्याआधी बाबा ती दाखवायचे. अशा घरातला मुलगा असल्यामुळे कायदा आपल्या रक्तातच आहे, अशी माझी समजूत होती. रक्ततपासणीत ते कधी आलं नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत मी रविवारच्या बुद्धवंदनेनंतर, चहाच्या वेळी, जमलेल्या पंचवीस-तीस लोकांपैकी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं की मी सध्या एका देशाच्या कायद्यांचं आधुनिकीकरण करतोय. काही जण मला कायदेमंत्री म्हणायला लागले. ती थट्टा आहे हे मला कळत होतं, तरी बरं वाटायचं. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “तू नेमकं काय करून राहिला तिथे? टाइप करतो की ठरवतो?”

मी म्हटलं, दोन्ही थोडं थोडं.

खरं तर मला फक्त टाइपच करायचं होतं. ठरवायचं मी आपणहून अंगावर घेतलं. झालं असं, की ते कायदे वाचताना मला हसू यायला लागलं. सायकलच्या पुढच्या दिव्यात रॉकेलच असलं पाहिजे. वाऱ्याचा बावटा चढला की अर्ध्या तासात प्रत्येक होडी वाळूवर ओढली पाहिजे. शेळी बांधलेलीच पाहिजे, आणि दोराची लांबी अमुक हात. मी हे दुपारच्या डब्याच्या वेळी सहकाऱ्यांना वाचून दाखवायचो. त्यातून मला एक आयडिया सुचली. प्रत्येक कायद्यापुढे एक रंग द्यायचा. हिरवा म्हणजे लागू, पिवळा म्हणजे तपासायचा आणि लाल म्हणजे कालबाह्य. मी एक स्क्रिप्ट लिहिली. ज्या कायद्यात पन्नास वर्षांत दुरुस्ती झाली नाही आणि ज्याचा दुसऱ्या कुठल्याही कायद्यात उल्लेख नाही, तो आपोआप लाल. ही स्क्रिप्ट लिहायला मला एक दुपार लागली. अख्ख्या देशाच्या कायद्यांचा निकाल एका दुपारी. माझ्या मॅनेजरला ती इतकी आवडली की त्याने ती प्रेझेंटेशनमध्ये घालायला सांगितली.

तिकडच्या बाजूने हे काम एकच व्यक्ती बघत होती. सरकारच्या कायदा कार्यालयातल्या एक बाई, साठीच्या आतबाहेरच्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. आमच्या दुपारी चार वाजता त्यांचा दुसरा दिवस उजाडलेला असायचा, म्हणून कॉल तेव्हा व्हायचा. त्यांचं इंटरनेट चालतं तेव्हा चित्र दिसायचं, नाहीतर नुसता आवाज. माझ्या लहानपणी शाळेत शिकवणाऱ्यांना आम्ही बाई म्हणायचो, तशाच त्या वाटायच्या, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचो. तोंडावर मॅडम.

डेमोच्या दिवशी मी स्क्रीन शेअर केली आणि रंग दाखवले. देश बराचसा लाल दिसत होता. मी सायकलच्या दिव्याचा विनोद केला, मग शेळीच्या दोराचा. आमच्या बाजूचे लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, ही यादी बाहेरच्या कुणाला दिसत नाही ना? मी म्हटलं, नाही, ही टेस्ट साइट आहे, पासवर्डशिवाय उघडत नाही.

हे मी सांगितलं तेव्हा ते खोटं होतं, पण माझ्या लक्षात नव्हतं. कॉलच्या थोडं आधी त्यांच्या मंद इंटरनेटवर लॉगिनचं पान उघडत नव्हतं, म्हणून डेमोपुरता पासवर्ड मीच काढून टाकला होता. डेमो छान झाला. मी मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेलो. पासवर्ड परत लावायचा राहून गेला.

पुढचे अकरा दिवस आमच्याकडे काहीच घडलं नाही. तिकडे मात्र बरंच घडत होतं.

त्या देशात साधारण तीन आठवड्यांतून एकदा मालाचं जहाज येतं. तांदूळ, पीठ, डिझेल, औषधं, आणि डब्यातले मासे. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशात डब्यातले मासे का, हे मी पूर्वी एकदा बाईंना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की मोठ्या बोटींनी मासेमारी करायचा हक्क सरकार परदेशी कंपन्यांना विकतं. त्या बोटी लांबूनच मासे धरून लांबच नेतात, आणि ते डबाबंद होऊन परत येतात. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग तो हक्क, आणि दुसरा भाग धक्क्याचा कर. जहाज धक्क्याला लागलं की मालावर तो द्यावा लागतो. त्या करातून दवाखान्याची बोट चालते, जी दूरच्या बेटांवरून आजारी माणसं आणते.

धक्क्याच्या कराचा कायदा फार जुना. पन्नास वर्षांत दुरुस्ती नाही, कुठे उल्लेख नाही. लाल.

जहाज कंपनीचा तिथला एजंट हा गावातला सगळ्यात मोठा दुकानदारही होता. त्याला कुणाकडून तरी ती साइट कळली. वर देशाचं बोधचिन्ह, खाली धक्क्याचा कायदा, शेजारी लाल चौकोनात ‘कालबाह्य’. त्याने ते पान छापलं, धक्क्यावरच्या कचेरीच्या दाराला डकवलं आणि जहाज आल्यावर कर भरायला नकार दिला. सरकार स्वतःच सांगतंय, मग मी कशाला भरू, असं त्याचं म्हणणं. बंदर अधिकाऱ्याने कागद वाचला आणि कर न घेताच माल उतरू दिला. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. बोधचिन्ह मीच इतकं झकास बसवलं होतं.

दुकानदाराने वाचलं म्हणून मग बाकीच्यांनीही वाचलं. दोन-तीन दिवसांत लोकांनी आपापल्या सोयीचे लाल चौकोन शोधून काढले. शेळ्या सोडल्या गेल्या. शेळ्यांनी शाळेची भाजीची बाग खाल्ली, मग दवाखान्याच्या आवारातली केळीची रोपं, आणि एक शेळी म्हणे पोस्टात जाऊन बसली. या सगळ्याचा उगम कुठे आहे हे बाईंना कळायला वेळ लागला, कारण त्या तेव्हा दुसऱ्या बेटावर एका जमिनीच्या तंट्यासाठी गेल्या होत्या. परत आल्या त्या दिवशी त्यांनी कॉल लावला.

त्या ओरडल्या नाहीत. एखाद्या अहवालासारखं क्रमाने सगळं सांगितलं: एजंट, धक्का, डिझेलअभावी बंद पडलेली दवाखान्याची बोट, बाग, रोपं, पोस्ट. मी ऐकत असताना दुसऱ्या खिडकीत टेस्ट साइट उघडली. पासवर्ड विचारला गेला नाही. मी म्हटलं, मॅडम, हे माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, हो, ते मला कळलं, साइटच्या तळाशी तुमचं नाव आहे.

नाव मीच घातलं होतं. बाबांना दाखवायला.

मी लगेच साइट बंद केली. मॅनेजरला सांगितलं, त्याने त्याच्या वरच्याला, आणि तासाभरात माफीचं पत्र तयार झालं. त्यात ‘तांत्रिक बिघाडामुळे’ असा शब्दप्रयोग होता. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, बिघडलं काय होतं? मी म्हटलं, काही नाही, सगळं जसं लिहिलं होतं तसंच चाललं. मग बिघाड कशाला म्हणता, म्हणाल्या. त्यांना पत्र नको होतं. तिथे सरकारी सूचना रेडिओवरून सांगतात आणि लोक त्याच मानतात. जे सांगायचं ते मी स्वतः रेडिओवर सांगावं, त्या त्यांच्या भाषेत भाषांतर करतील. वकिलांना विचारून घेतो, असं मॅनेजर म्हणाला. वकील हो म्हणाले, बहुतेक त्या देशात आपल्यावर दावा कुठल्या कायद्याखाली होईल हे त्यांना माझ्या साइटवरच शोधावं लागलं असतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये बसून मी एका देशाशी बोललो. मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनातही मी सूत्रसंचालन टाळतो. समोर कागद होता, तो वाचत गेलो. मी म्हटलं की मी अमेरिकेत काम करणारा एक प्रोग्रॅमर आहे, मी कायदा शिकलेलो नाही, कुठला कायदा संपला हे ठरवायचा मला अधिकार नव्हता, आणि ते लाल चौकोन माझ्या चुकीने लोकांपर्यंत पोचले. एकही कायदा संपलेला नाही. धक्क्याचा कर भरावा लागेल. आणि कृपा करून शेळ्या बांधाव्यात.

बाईंनी भाषांतर केलं. माझी चार वाक्यं त्यांच्या भाषेत बरीच लांब झाली. मधेच मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. मी नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या की मी नागपूर नावाच्या गावचा आहे आणि तिथे समुद्र नाही, हे त्यांनी आपल्या मनाने जोडलं. लोकांना त्यामुळे गोष्ट समजायला सोपी गेली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, चुकीचं लेबल लागलं तर काय होतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने विचारलं, बोट बंद असताना कुणी आजारी पडलं का? मी ते विचारलंच नव्हतं. शेळ्यांबद्दल विचारलं होतं, पोस्टाबद्दल विचारलं होतं. मुलगी म्हणाली, “Baba, you broke a country?” आणि मी तिला रागावलो, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलवर मी आधी तेच विचारलं. बाईंनी सांगितलं की एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणायचं होतं, पण शेजाऱ्याने स्वतःच्या होडीतून आणलं, ते बरे आहेत. मग त्या म्हणाल्या की आणखी एक गोष्ट राहिली आहे, आणि ती शेळ्यांसारखी सोपी नाही.

लाल केलेल्या कायद्यांत एक होड्यांच्या परवान्याचा होता. त्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला मासेमारीच्या होडीचा परवाना हवा असेल तर नवऱ्याची लेखी संमती लागते. एका बाईचा नवरा दुसऱ्या देशात फळबागेत मजुरीला गेला होता. सुरुवातीला पैसे यायचे, मग नुसती पत्रं, मग तीही थांबली. होडी दारात उलटी पडून होती. ही बाई छापलेलं पान घेऊन परवान्याच्या खिडकीवर गेली. तिथल्या कारकुनाने पान वाचलं, लाल चौकोन पाहिला आणि तिला परवाना लिहून दिला. आठवडाभर ती रोज समुद्रावर जात होती. मासे विकत होती.

आता साइट बंद ठेवून मी सगळं परत हिरवं केलं होतं, आणि एकही कायदा संपला नाही असं रेडिओवर सांगून बसलो होतो. म्हणजे तिचा परवाना रद्द.

मी म्हटलं, तेवढा एक लाल राहू द्या ना. कुणाला कळणार आहे? मग मी समजावायला लागलो. हा कायदा चुकीचाच आहे, तुम्हालाही पटतं, आपण फक्त रंग बदलायचा नाही, एवढंच. आपण म्हणालो मी. जणू तो देश मी आणि त्यांनी मिळून विकत घेतला होता.

त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, “मला आवडला नाही म्हणून मी एक कायदा पुसला, तर उद्या एजंट येईल आणि म्हणेल, मलाही एक आवडत नाही. मी त्याला काय सांगू? तिचा परवाना मीच परत घेणार आहे. मीच जाणार आहे तिच्या घरी.”

त्या गेल्या. पुढच्या कॉलला मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, तिने परवाना दिला आणि मला मासा दिला. मी तो घ्यायला नको होता, पण घेतला, असंही म्हणाल्या.

मग मी एक भाबडा प्रश्न विचारला. इतका उघड चुकीचा कायदा इतकी वर्षं कुणी बदलला कसा नाही? बाईंनी सांगितलं की कायदा बदलायचा तर नवा मसुदा लिहावा लागतो, आणि मसुदा लिहिणाऱ्याची जागा रिकामी आहे. सरकारने दोनदा दोन हुशार मुलांना बाहेर शिकायला पाठवलं. दोघं शिकले, परत आले, थोडे दिवस राहिले आणि जास्त पगारावर मोठ्या देशात गेले. मी म्हटलं, अरेरे, देशाने शिकवायचं आणि त्यांनी निघून जायचं. बोलून झाल्यावर मला जाणवलं की हे वाक्य सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जवळजवळ फुकट शिकलेला आणि मिनेसोटात बसलेला माणूस बोलतोय. बाईंना ते आधीच जाणवलं होतं, कारण त्यांनी विचारलं की मी अमेरिकेत किती वर्षं आहे आणि आता इथलाच झालोय का.

मी त्यांना माझी स्थिती सांगितली. कामाचा व्हिसा, तो दर काही वर्षांनी वाढवायचा, ग्रीन कार्डसाठी अर्ज केलेला, आणि कुठल्या देशात जन्म झाला त्यावर ठरणारी रांग, जी इतकी लांब आहे की माझा नंबर मी हयात असताना लागेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. त्यांनी विचारलं, हा रांगेचा नियम कधीचा? मी म्हटलं, माझ्या जन्माच्या आधीचा.

“तुमच्या स्क्रिप्टने त्याला कुठला रंग दिला असता?” त्यांनी विचारलं.

मी हसलो. त्याही हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्या आठवड्यात त्यांनी ठरवलं की होडीच्या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा त्या स्वतःच लिहितील. तशा त्या जन्म-मृत्यूच्या नोंदी करायच्या, जमिनीचे कागद सांभाळायच्या आणि रेडिओवर सूचना वाचायच्या. त्यात हे एक. मी म्हटलं, मी काही मदत करू का? त्यांनी सावधपणे विचारलं, कसली? माझा लौकिक तोवर पसरला होता.

मला एकच गोष्ट बरी येते. शोधणं. मी त्या सगळ्या टेक्स्टमध्ये ‘पतीची संमती’ शोधलं. मग ‘पतीची परवानगी’, ‘पतीची सही’, आणि त्या जुन्या अधिकाऱ्याने वापरलेले वाकडेतिकडे सगळे शब्द. जिथे स्कॅन पुसट होतं तिथे डोळ्यांनी वाचलं. या वेळी कुठलाही रंग दिला नाही. फक्त यादी केली: कुठला कायदा, कुठलं कलम, काय शब्द. होडी धरून नऊ ठिकाणी निघालं. पासपोर्ट, दुकानाचा परवाना, खोबऱ्याच्या सहकारी संस्थेचं सदस्यत्व, मुलाला शाळेत घालणं. यादी पाठवली तेव्हा मी वर ठळक अक्षरांत लिहिलं की हे चुकीचं असू शकतं, कृपया तपासा. पूर्वी मी असं कधी लिहीत नसे.

बाईंनी प्रत्येक कलम मूळ कागदावर ताडून पाहिलं. दोन माझी चुकली होती, तिथे ‘पती’ नव्हतं, बुरशीचा डाग होता. सात बरोबर होती. त्यातलं एक त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं नाव शाळेत घालताना त्यांनी नवऱ्याची सही नेली नव्हती, आणि कुणी विचारलीही नव्हती. म्हणजे माझा मुलगा बेकायदा शिकला, त्या म्हणाल्या. आवाजात राग होता की गंमत, ते ओळखू आलं नाही.

मसुदा तयार व्हायला दोन महिने लागले. दर आठवड्याला त्या मला एक-दोन पानं वाचून दाखवायच्या. मला वाटायचं माझं मत हवंय. एकदा मी एका वाक्याला ‘खूप छान’ म्हटलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांना फक्त मोठ्याने वाचायला कुणीतरी लागतं, ऑफिसात दुसरं कुणी नाही.

सभागृहाच्या बैठकीचं रेडिओवरून प्रक्षेपण होतं. त्या दिवशी सभागृहाशेजारच्या खोलीत बाईंनी फोन रेडिओजवळ ठेवला आणि मी ऑफिसात हेडफोन लावून ऐकत बसलो. एक शब्द समजत नव्हता. लोक तावातावाने बोलत होते, कुणी टेबलावर हात आपटत होतं, एकदा तर अध्यक्षांना घंटा वाजवावी लागली. तासभर असं चाललं. मी इतका भारावलो की शेजारच्या सहकाऱ्याला खुणेने सांगितलं, चर्चा चालू आहे, जोरात. माझ्या नऊ, म्हणजे सात कलमांवर एक देश भांडत होता. शेवटी न राहवून मी बाईंना विचारलं, विरोध कुणाचा आहे?

त्या म्हणाल्या, हे जहाजाबद्दल चाललंय. कंपनी आता तीन आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांनी येणार म्हणते. आपला विषय शेवटी आहे.

आपला विषय आला तेव्हा तो चार-पाच मिनिटांत संपला. एका सदस्याने काहीतरी विचारलं, बाईंनी आत जाऊन उत्तर दिलं, सगळे हो म्हणाले. मी वाट बघत होतो की कुणीतरी निदान टाळ्या वाजवेल. पुढचा विषय पावसाच्या पाण्याच्या टाक्यांचा होता.

होडीवाल्या बाईला परवाना परत मिळाला, या वेळी स्वतःच्या नावावर, कुणाच्याही सहीशिवाय. बाईंनी मला फोटो पाठवला. होडीला नुकता निळा रंग दिलेला, आणि शेजारी एक जाड, उन्हाने काळवंडलेली, अजिबात न हसणारी बाई. तिला माझ्याबद्दल माहीत आहे का, असं मी विचारलं. माझ्या मनात काय होतं ते मला आता आठवायलाही लाज वाटते. बाईंनी उत्तर दिलं, माहीत आहे, तिच्या भावाचीही भाजीची बाग तुमच्या शेळ्यांनी खाल्ली.

बाबांना मी हे सगळं सांगितलं, पासवर्डपासून. ते नकल विभागात तीस वर्षं होते. मला वाटलं होतं खूप बोलतील. ते एवढंच म्हणाले की आम्ही नकल काढताना खाली सही करायचो, की मुळाबरहुकूम आहे. त्याच्यापुढे एक अक्षर नाही. मग त्यांनी विचारलं, थंडी कशी आहे.

साइट आता रीतसर सुरू आहे. तिच्यावर रंग नाहीत. प्रत्येक कायद्याखाली तो कधी झाला, कधी बदलला, एवढंच लिहिलेलं असतं, आणि माझं नाव कुठेही नाही. आमचं कंत्राट संपलं. मी परत काउंटीच्या कामावर आलो, या खेपेला गॅरेज सेलचे, म्हणजे घरातलं जुनं सामान दारात मांडून विकायचे परवाने. जबाबदारी मला झेपेल अशी आहे.

गेल्या महिन्यात बाईंचा अचानक कॉल आला. कंत्राट नाही, काम नाही, तरी. तिथली एकुलती एक बँक, जी परदेशी आहे, ती काउंटर बंद करून जाणार आहे. नफा नाही म्हणून. लोकांनी पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न. पोस्टात ठेवता यावेत असा कायदा करायचा विचार आहे, मसुदा त्याच लिहितायत, आणि मी तो एकदा वाचीन का, असं त्या विचारत होत्या. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मॅडम, मला कायदा कळत नाही, ते आता पुरतं सिद्ध झालंय.

“म्हणून तर तुम्हाला पाठवतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला समजला, तर आमच्याकडे कुणालाही समजेल.”

मसुदा अकरा पानांचा आहे. मी पाचव्या पानावर आहे. जिथे समजत नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं, असं त्यांनी सांगितलंय. आतापर्यंत तेवीस झाली आहेत.